शेऱ्याचा रकाना

माझा कामाचा दिवस संध्याकाळी साडेपाचला उजाडतो. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली की साडेसहाला. "दिवाळीच्या आगेमागे हिची शिफ्ट सरकते," असं सासूबाई शेजारच्या काकूंना सांगतात आणि त्यात फारसं चुकीचं काही नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या घरात तेव्हा कुकर लावलेला असतो, खालून भाजीवाल्याची हाळी येत असते, आणि स्क्रीनवर अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात सकाळचे सात वाजलेले असतात. शाळा उघडतात, दिवे लागतात आणि तक्रारी पडायला लागतात. खोली २१४ गारठली आहे. खोली २१५ मध्ये उकडतंय. (दोन्हींत भिंत एकच आणि थर्मोस्टॅटही एकच, हे मला आता पाठ झालंय.) जिमच्या छतातून बास्केटबॉलच्या मैदानावर पाणी टपकतंय.

"म्हणजे नक्की काय करतेस गं तू?" असं कुणी विचारलं की पूर्वी मी 'सॉफ्टवेअर' म्हणून मोकळी व्हायचे. आता खरं ते सांगते: शाळांच्या नळांचं, दिव्यांचं आणि दारांचं सॉफ्टवेअर. ऐकणारा जरा हिरमुसतो.

तिकडच्या सार्वजनिक शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' चालवतो. हा आपला जिल्हा नव्हे. कधी तो एका गावाएवढा असतो, कधी अख्ख्या शहराएवढा, आणि असे तेरा हजारांहून जास्त डिस्ट्रिक्ट त्या देशात आहेत. बहुतेकांचं बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं असतं, पैशाचा मोठा वाटा आपल्या घरपट्टीसारख्या स्थानिक करातून येतो, आणि छप्पर गळलं तर ते डिस्ट्रिक्टनंच बघायचं. मोठी दुरुस्ती काढायची असेल तर पुष्कळ ठिकाणी कर्जरोख्यांसाठी गावाचं मत घ्यावं लागतं. बॉयलर बदलायचा की नाही यावर लोक रांगेत उभे राहून मतदान करतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा थट्टाच वाटली होती. माझ्या वाट्याला आलेला डिस्ट्रिक्ट अकरा शाळांचा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या अकरा शाळांतला प्रत्येक बॉयलर, पंप, पंखा, अग्निशामक सिलिंडर नोंदलेला आहे. प्रत्येकावर क्यूआर कोडचं स्टिकर. शिक्षिका तक्रार टाकते, ती सुपरवायझरकडे जाते, तो वर्क ऑर्डर काढून कुणाच्या तरी नावावर टाकतो, तो माणूस काम करतो, किती वेळ लागला आणि कुठला पार्ट वापरला ते लिहितो, आणि ऑर्डर बंद होते.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं काम तक्रारीवाचूनचं आहे. कुणी काही बोललेलं नसतं, काही बिघडलेलंही नसतं, तरी दर तीन महिन्यांनी सॉफ्टवेअर आठवण काढतं: फिल्टर बदला. दर सहा महिन्यांनी म्हणतं, अमुक शाळेच्या तळघरात पाइपांभोवती जुनं ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतूंचं वेष्टण) आहे, ते उकललंय का बघून या. ही सहा महिन्यांची नजर आणि दर तीन वर्षांची पूर्ण तपासणी अमेरिकेत १९८६च्या कायद्यानं बांधून दिलेली आहे. जायचं, बघायचं, आणि बघितलं असं तारखेनिशी लिहायचं. 'काही नाही' हेसुद्धा लिहायचं. माझ्या ओळखीच्या कुठल्याही इमारतीत 'काही नाही' असं कुणी कधी लिहून ठेवलेलं नव्हतं.

तिकडे सगळं गोमटं आहे असं मात्र नाही. तिथल्या संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं जून २०२० मध्ये अहवाल दिला, त्यातला अंदाज असा की ४१ टक्के डिस्ट्रिक्टांना आपल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त शाळांतली गरम-गार हवेची यंत्रणा सुधारावी किंवा बदलावी लागणार आहे. अशा शाळा सुमारे ३६,०००. माझ्या २१४ आणि २१५ त्यातल्याच.

तर गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका मंगळवारी मी जुन्या, पडून राहिलेल्या ऑर्डरी चाळत होते. त्यात एक सापडली, एकोणीस दिवसांपूर्वीची. 'मुलींचं स्वच्छतागृह, दुसरा मजला, तिसरं दार. आतली कडी लागत नाही.' प्राधान्य: कमी. खाली शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी आठवड्यानं एक ओळ घातली होती. 'मुली दोघी-दोघी जातात. एक जण दार धरून उभी राहते.'

वाचून माझा हात माउसवरच राहिला.

प्राधान्य कमी, हे कुणी ठरवलं? तर मी. सॉफ्टवेअर त्यांच्याकडे बसवलं तेव्हा एक भलीमोठी एक्सेल मी भरली होती. बॉयलर: तातडीचं. गॅसचा वास: तातडीचं. छत: जास्त. दारं, कड्या, बिजागऱ्या: कमी. त्या दुपारी मला झोप येत होती. आमच्या कंपनीचा तयार नमुना होता, त्यातली ती ओळ मी तशीच ठेवून दिली. कडीला सगळ्यात खालची पायरी देणारी बाई पुण्यातली होती, आणि तिनं स्वतः दोन वर्षं दार धरलेलं होतं.

आमची शाळा पूर्व भागातल्या पेठांतली. नाव लिहीत नाही. अनुदानित शाळा, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकारचा, इमारत संस्थेची, आणि कडी कुणाचीच नाही. खाली दगडी बांधकाम, वर लाकडी जिना, मागच्या अंगणात मुलींसाठी तीन संडास. पहिल्याचं दार नीट लागायचं, पण ते बाईंसाठी. उरलेल्या दोघांना आतून कडी नव्हती, कडीची भोकं तेवढी होती. मधल्या सुट्टीत जोडीनं जायचं. एकीनं बाहेर पाठ टेकून उभं राहायचं आणि मोठ्यांदा पाढे म्हणायचे, म्हणजे आतलीला कळायचं की आपली पाठराखीण जागेवर आहे. एकोणतीसचा पाढा मला आजही कुठंही अडखळल्याशिवाय येतो, तो त्या अंगणातला. जोडीदारीण गैरहजर असली की त्या दिवशी पाणी प्यायचं नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि आम्ही कुणाला सांगितलंही नाही.

एकदा धीर करून बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "अर्ज दिलाय."

पुढच्या वेळी पुन्हा, "अर्ज दिलाय."

ते दोन शब्द मी तीस वर्षं 'गप्प बस' या अर्थानं जपून ठेवले होते.

आणि मामा. आमच्या शाळेचे शिपाईमामा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कुठली किल्ली कुठली ते अंधारातही बोटांना ठाऊक. कुठला नळ उलटा फिरवायचा, कुठल्या बाकाची फळी उचलली जाते, कुठल्या खोलीतला पंखा आधी काठीनं ढकलायचा आणि मग बटण दाबायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांनी आमच्या त्या दारांना सुतळीचे फास लावून दिले होते, आतल्या खिळ्याला अडकवायचे. आठ-दहा दिवसांत सुतळी कुजायची. मग नवी. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांची आठवण निघाली की हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. मीही लावते. पण या कामात पडल्यापासून मला वेगळंच वाटायला लागलंय. मामा सुतळी बांधत राहिले म्हणून वरच्यांना कडीची गरज कधी टोचली नाही. त्यांचा चांगुलपणा ही त्या इमारतीतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती होती. ग्रुपवर हे लिहिलं तर लोक मला काढून टाकतील.

मनात आणलं तर काय होऊ शकतं, ते आम्हाला वर्षातून एकदा दिसायचं. ज्येष्ठ संपत आला की पालख्या पुण्यात मुक्कामाला यायच्या; ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. आमच्या वर्गांमध्ये दिंड्या उतरायच्या. त्याआधी दोन दिवसांत गळके नळ बदलून व्हायचे, जिन्यात बल्ब लागायचे, अंगणात चुन्याची फक्की पडायची. वारकरी बाया त्याच संडासांना जायच्या आणि त्याही एकमेकींची दारं धरायच्या. त्यातली एक मला म्हणाली होती, "पोरी, तू जा आत, मी हाय हितं." अनोळखी बाईनं माझ्यासाठी दार धरलं ते तेवढंच एकदा. पालखी दिवेघाटाकडे निघाली की वर्गात चार दिवस बुक्क्याचा आणि ओल्या घोंगड्यांचा वास असायचा. पुढच्या ज्येष्ठापर्यंत नळ पुन्हा गळायला लागलेले.

त्या मंगळवारी रात्री मी डिस्ट्रिक्टच्या सुपरवायझरला फोन लावला. साठीचा माणूस, मूळचा सुतार, बोलायला सावकाश. खरं तर मी फोन करायचं कारण नव्हतं. कुठली ऑर्डर आधी घ्यायची हा त्यांचा कारभार. मी म्हटलं, ही कडीची ऑर्डर खाली गेलीय ती माझ्या चुकीनं गेलीय. त्यानं उघडून वाचली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, दोघी-दोघी जातात हे मी वाचलंच नव्हतं, मी फक्त 'कमी' वाचलं. आणि नंतर, जरा ओशाळून, आपल्याला मुली नाहीत असंही सांगितलं. त्याचा या गोष्टीशी काय संबंध ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण मला पटलं.

दुपारी, म्हणजे माझ्या मध्यरात्री, ऑर्डर बंद झाली. साहित्य: एक कडी, दोन स्क्रू. वेळ: ०.२५ तास.

पाव तास!

त्यानंतर मी ती एक्सेल पुन्हा उघडली आणि स्वच्छतागृहातल्या कड्या 'सुरक्षा'खाली नेऊन टाकल्या. आमच्या टीम लीडनं विचारलं, क्लायंटनं मागितलंय का? मी म्हटलं, हो. सुपरवायझरकडून नंतर ईमेल मागवून घेतला.

आता वाटेल की इथं सॉफ्टवेअरची आरती सुरू होणार. तसं नाही. त्या सॉफ्टवेअरमध्ये मला न आवडणारं एक बटण आहे आणि तेही मीच त्यांना शिकवलंय. जूनच्या शेवटी तिकडच्या बहुतेक शाळांचं आर्थिक वर्ष संपतं. जुलैच्या बोर्ड मीटिंगला अहवाल जातो: किती तक्रारी आल्या, किती निकाली, सरासरी किती दिवसांत. मग जूनच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या जुन्यापान्या ऑर्डरींवर एकदम खूण करायची आणि 'बंद' दाबायचं. एका वर्षी तीनशेच्या वर ऑर्डरी अशा एका क्लिकमध्ये बंद होताना मी पाहिल्या. आलेखातली लाल रेघ सरळ खाली आली. त्या तीनशेमधल्या किती खरंच झाल्या होत्या, हे आता कुणालाच कळायचं नाही, कारण खुणेवर खूण पडली. आपल्याकडच्या मार्चएंडची आठवण झाली आणि उगाचच घरच्यासारखं वाटलं. मी सुचवून पाहिलं होतं की ज्यानं तक्रार टाकली त्यानं 'झालं' म्हटल्याशिवाय ऑर्डर बंद होऊ देऊ नका. सुपरवायझर म्हणाला, शिक्षक ईमेल वाचत नाहीत, मग माझं काहीच कधी बंद होणार नाही. तेही खरंच.

यंदा जूनमध्ये भावाच्या मुलीच्या जात पडताळणीसाठी आत्याच्या, म्हणजे माझ्या, शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा हवा होता. तीसहून जास्त वर्षांनी शाळेत गेले. रिक्षावाल्यानं शिवाजी रस्त्यानं घातली. दगडूशेठच्या समोर भिडेवाडा होता तिथं आता वाडा नाही. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा भरवली ती जागा; वर्षानुवर्षं पडायला झालेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवली. शाळेच्या भाषेत याला निर्लेखन म्हणतात. मोडकी खुर्ची, फाटका नकाशा, पायमोडका फळा, सगळं जडवस्तूसंग्रह नोंदवहीतून कमी करायचं असेल तर आधी निर्लेखन. वाड्याला दुरुस्तीसाठी कुणी कधी अर्ज दिला होता का, कोण जाणे.

मुख्याध्यापिका मॅडम माझ्याहून लहान निघाल्या. टेबलावर यूडायसची, म्हणजे सरकारला दरवर्षी द्यायची शाळेची माहिती भरायचं काम चालू होतं. त्यात विचारलेलं असतं, मुलींची स्वच्छतागृहं एकूण किती, त्यातली चालू किती. मी काय काम करते ते ऐकून त्या हसल्या. मी उत्साहानं म्हटलं, तुम्हाला एक साधी शीट करून देते, गूगलवर, फुकट. तारीख, काय बिघडलं, कुणी सांगितलं, कधी झालं.

"करा की," त्या म्हणाल्या. "पण भरायला माणूस पाठवा सोबत. आमचे शिपाई रिटायर झाले, त्यांच्या जागी पद नाही, भत्ता आहे." डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली शिपायांची पदं अशीच गेली, माणूस निवृत्त झाला की ती खुर्ची संपली, त्याऐवजी शाळेला महिन्याचा ठरलेला भत्ता. दरमहा त्यात मिळेल त्या मावशी. मी माझी शीट गिळून टाकली.

उतारा काढायला क्लार्क सरांना वेळ लागणार होता. कपाटात जुनी रजिस्टरं होती, कुणी निर्लेखन न केल्यामुळे राहिलेली. मी विचारलं, जावक बारनिशी, म्हणजे बाहेर गेलेल्या पत्रांची नोंदवही, बघू का जुनी? सर म्हणाले, धूळ खा बिनधास्त.

१९९१ च्या बारनिशीत आठ जुलैच्या पानावर बाईंचं अक्षर होतं. बाईंचं 'ण' मी कुठंही ओळखेन. 'मुलींच्या शौचालयाच्या दारांस कड्या बसविणेबाबत.' कोणास पाठविले: संस्थेचं कार्यालय. पुढे दोन डिसेंबर १९९१, तोच विषय, 'स्मरणपत्र १'. वीस जुलै १९९२, 'स्मरणपत्र २'. अठरा जानेवारी १९९३, 'स्मरणपत्र ३', आणि इथं विषयात एक शब्द वाढलेला: 'तातडीने बसविणेबाबत.' सवयीनं मी फोनवर कॅलेंडर काढून पाहिलं. चारही तारखा सोमवार. रविवारी घरी बाई काय काय मनाशी घोळवत असतील, याचा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा त्या कपाटापाशी उकिडवी बसून केला.

बाईंनी अर्ज खरंच दिला होता. चार वेळा.

रजिस्टरात सगळ्यात उजवीकडे अरुंद रकाना असतो, शेरा. चारही ओळींपुढे तो कोरा. वजाबाकी मीच केली: पहिल्या पत्रापासून मी सातवी होऊन शाळा सोडली तोपर्यंत बावीस महिने. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा आपोआप लाल होतो. इथं तारखा होत्या, पण बावीस महिने कुणी ती वजाबाकी मांडली नव्हती. एक आहे, तो कोरा रकाना कुणी मार्चमध्ये एका फटक्यात 'बंद' लिहून भरूनही टाकला नव्हता. बाईंना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांच्या घरी शेवटची गेले होते तेव्हा आम्ही जगभरचं बोललो, हे सोडून.

मग मला एकदम अंगणात जावंसं वाटलं. तिथं आता फरशा आहेत, वॉशबेसिन आहे, पत्र्याची निळी दारं आहेत. मधल्या दारात शिरले आणि आतून कडी लावली. लागली. घट्ट, जरा वर उचलून सरकवावी लागते एवढंच. उगाच एक-दोन मिनिटं आतच उभी राहिले. बाहेर मावशी बादली भरत होत्या. मी विचारलं, "मावशी, या कड्या कधी बसवल्या हो?"

"मी आल्यापासनं हायती."

वर जाऊन १९९३ ची उरलेली पानं पाहिली, १९९४ पाहिलं, १९९५ पाहिलं. कड्यांचा विषय पुन्हा कुठं नाही. पुढच्या दोन वर्षांची बारनिशी वाळवीनं अशी खाल्लेली की पानं उलटताना मातीच हातात आली. कुणीतरी केव्हातरी येऊन पाव तासात त्या बसवून गेलं होतं. मामा असतील, नाहीतर एखादा ठेकेदार, किंवा पालखीच्या आधीच्या त्या दोन दिवसांतलं कुणी. कुठल्या मुलीपासून पुढच्या मुलींना पाढे म्हणावे लागले नाहीत, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"झाला तुमचा उतारा," क्लार्क सर म्हणाले. शिक्का मारला, मॅडमची सही आणली, आणि चालू वर्षाची जावक बारनिशी उघडून माझ्यापुढे सरकवली. क्रमांक, तारीख, नाव, विषय. मी ठरलेल्या जागी सही केली. सरांनी रजिस्टर परत आपल्याकडे ओढलं, पेनाचं टोक दोनदा कागदावर घासून शाई उतरवली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'समक्ष दिला.'